कर्नाळ्याच्या पायथ्याचं शिरढोण

10 आणि 11 मे 1879 या दोन दिवसांत घाटावरून उतरलेल्या हत्यारबंद माणसांनी पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखले या गावांवर धाड घातली. त्यांचे पुढारी होते दौलतराव नाईक, जातीने रामोशी. लुटीचा आकडा दीड लाख रुपयांच्या घरात सांगितला जातो. ज्या माणसाच्या नावाने हे बंड चाललं होतं, त्याला पकडून देणाऱ्यासाठी सरकारने लावलेलं इनाम चार हजारांचं होतं. एवढ्यावरून दीड लाख म्हणजे त्या काळी केवढी रक्कम, याचा अंदाज येईल. लूट घेऊन टोळी घाटमाथ्याकडे परत निघाली. वाटेत मेजर डॅनियलच्या तुकडीने तिला गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले.

पळस्प्याहून दक्षिणेला पायी निघालं तर तासाभरात शिरढोण लागतं. ते बंड ज्यांनी उभं केलं त्या वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. त्यांच्या बंडाची ठिणगी त्यांच्याच गावाच्या शिवेपर्यंत येऊन पोचली होती, ही गोष्ट आमच्या पनवेल तालुक्यातही फार थोड्यांना ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात ‘आद्य क्रांतिकारक’ एवढी ओळ येते, पुण्याचं नाव येतं, एडनच्या तुरुंगाचं नाव येतं. शिरढोण मात्र ‘जन्म’ या एका शब्दापुढे सरकत नाही. माझं म्हणणं असं, की हे बंड नीट समजून घ्यायचं असेल तर सुरुवात पुण्यापासून करून चालणार नाही. ती या गावापासून, आणि गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या किल्ल्यापासून करावी लागते.

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की पळस्पे फाटा येतो. इथे पुण्याचा जुना रस्ता एकीकडे जातो आणि गोव्याचा दुसरीकडे. गोव्याच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की शिरढोण, आणि त्याच्या पुढे कर्नाळ्याची खिंड. पनवेलपासून सगळं मिळून आठ-दहा किलोमीटर. भातशेतीचं गाव. आजूबाजूला आगरी, कराडी आणि डोंगराच्या कुशीत ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, असा हा सगळा मुलूख. गावात कुठेही उभं राहा, दक्षिणेकडे मान वळवली की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. सव्वाशे-दीडशे फूट उंचीचा हा काळा खडक डोंगराच्या माथ्यातून अंगठ्यासारखा वर आला आहे, म्हणून त्याला अंगठाच म्हणतात. शिरढोणच्या पोराला डोळे उघडल्यापासून तो दिसत असणार.

समुद्रसपाटीपासून पंधराशे फुटांच्या आसपास उंची असलेला हा किल्ला फार मोठा नाही. माथ्यावर सपाटी अगदी बेताची. तरीही त्याच्यासाठी शतकानुशतकं माणसं मेली. कारण त्याच्या खालून जाणारी वाट. उत्तरेला पनवेलची खाडी, दक्षिणेला पाताळगंगा, आणि या दोन्हींच्या मधून बंदराचा माल घाटाकडे आणि घाटाचा माल बंदराकडे जायचा. कर्नाळा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती ही वाट. देवगिरीच्या यादवांच्या काळापर्यंत त्याचा इतिहास मागे नेला जातो. 1540 मध्ये तर अहमदनगरची निजामशाही, गुजरातची सल्तनत आणि वसईचे पोर्तुगीज, अशा तिघांची या एवढ्याशा किल्ल्यावरून ओढाताण झाली. पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि शेवटी वर्षाच्या खंडणीच्या बोलीवर निजामशहाला देऊन टाकला. एवढ्या लांबून आलेल्या माणसांनाही या वाटेची किंमत कळली होती.

शिवाजी महाराजांनी 1657 च्या सुमारास कर्नाळा घेतला. 1665 च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हाही गेला, आणि 1670 मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. पुढे मोगलांकडे, मग 1740 च्या सुमारास पेशव्यांकडे. किल्ल्यावर आजही दोन शिलालेख सापडतात, एक मराठी आणि एक फारसी. सत्ता कितीदा आली-गेली याचा तेवढा पुरावा पुरे.

पेशवाईच्या अखेरीला कर्नाळ्याचे किल्लेदार होते अनंतराव फडके. 1818 च्या जानेवारीत इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरची फौज कोकणातून निघाली ती एकेक किल्ला घेत. कर्नाळा घेतला, मार्चमध्ये लोहगड घेतला, 10 मे रोजी रायगड घेतला. जिथे महाराजांची राजधानी पडायला वेळ लागला नाही, तिथे कर्नाळ्याचा काय पाड! अनंतरावांनी तीन दिवस किल्ला लढवला असं फडके घराण्यात सांगत आले. तीन दिवस. या तीन दिवसांची पुढच्या साठ-पासष्ट वर्षांच्या घडामोडींत फार मोठी जागा आहे.

किल्ला पडला म्हणजे नेमकं काय झालं, हे बखरींत आणि सरकारी कागदांत फारसं सापडत नाही, कारण तिथे तोफा आणि तहच मोजलेले असतात. किल्ल्यावर किल्लेदार असे, त्याच्या हाताखाली शिबंदी असे. घेऱ्यात, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांत, राखणीचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी माणसं असत. कोकणात आणि मावळात कोळी, देशावर रामोशी, बेरड. कुणाला त्याबद्दल जमीन, कुणाला धान्य, कुणाला गावाकडून हक्काचा वाटा. इंग्रजांना किल्ले नकोच होते. त्यांनी पुष्कळ किल्ल्यांच्या वाटा, पायऱ्या, दरवाजे सुरुंग लावून उडवले, म्हणजे पुन्हा कुणी वर चढून बसायला नको. त्या सुरुंगांबरोबर राखणदारांचं पोटही उडालं. रामोश्यांचा उमाजी नाईक याच कारणाने उठला आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फासावर गेला. त्याच्या नंतरही ती आग विझली नव्हती, राखेखाली धुमसत होती. सरकारदरबारी मात्र या माणसांना एकच नाव होतं, दरोडेखोर.

अशा वेळी, 4 नोव्हेंबर 1845 रोजी, शिरढोणच्या फडके वाड्यात अनंतरावांचा नातू जन्मला. वडील बळवंतराव, आई सरस्वतीबाई. किल्ला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. आजोबा हयात होते. मांडीवरच्या नातवाला समोरचा सुळका दाखवत किल्लेदारीच्या गोष्टी सांगणारे आजोबा चरित्रकारांनी रंगवले आहेत, आणि त्यात अविश्वास वाटावा असं काही नाही. ज्या घरातल्या म्हाताऱ्याने तीन दिवस किल्ला लढवला, त्या घरात संध्याकाळी दुसरं बोलणं काय असणार? इतरांना 1818 म्हणजे इतिहास. शिरढोणच्या वाड्यात ती घरातलीच गोष्ट होती, आणि ती ज्या जागी घडली ती जागा अंगणातून दिसत होती.

पनवेल त्या काळी भरभराटीला आलेलं होतं. मुंबईहून गलबतं, मचवे भरतीच्या पाण्यावर खाडीने थेट पनवेल बंदरात येत, आणि तिथून माल बैलगाड्यांवर चढून पळस्पे, खालापूर, खोपोली करत बोरघाट चढे. 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या वेळी बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हापासून या मार्गाला जोर आला. शेकड्याने गाड्या, म्हणून गाड्यांची चाकं. पनवेलची चाकं त्या काळी नावाजलेली होती. चाकं घडवणं हाच इथला मुख्य उद्योग असल्याची नोंद जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. 1852 मध्ये पनवेलला नगरपालिकाही आली. मग रेल्वे आली आणि ती पनवेलला वळसा घालून गेली. कल्याण, कर्जत करत लोहमार्ग निघाला आणि 1863 मध्ये बोरघाट चढला. माल त्या वाटेने वळला. पनवेल हळूहळू मागे पडलं. शिरढोणसारख्या रस्त्यालगतच्या गावांना ते आधी जाणवलं असणार.

वासुदेवही त्याच दिशेला गेला. आजोळ कल्याणला होतं, तिथे शिक्षण झालं. मग मुंबईत रेल्वेत नोकरी, ग्रँट मेडिकल कॉलेजात नोकरी, आणि शेवटी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. पंधरा-एक वर्षं त्यांनी सरकारची चाकरी केली. पुढे ज्या फौजेशी लढायचं, तिच्याच खर्चाचे आकडे ते रोज लिहीत होते.

या कारकुनाच्या आयुष्यात एक प्रसंग घडला तो शिरढोणशी बांधलेला आहे. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली, ती मिळाली नाही. रजेविना ते निघाले, पण पोचले तेव्हा आई गेली होती. वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही नाकारली गेली. चरित्रं या प्रसंगाला बंडाचं कारण ठरवतात. मला ते पुरेसं वाटत नाही. रजा न मिळालेले कारकून त्या काळी हजारो असतील, त्यांतला प्रत्येक जण तलवार घेऊन डोंगरात गेला नाही. पण एवढं खरं, की पुण्यापासून शिरढोणपर्यंत धावत आलेल्या मुलाला रिकामं घर दिसलं, तेव्हा आजोबांचं गेलेलं राज्य आणि आपली गेलेली आई या दोन दुःखांचा धनी एकच असल्याचं त्याला लख्ख कळलं असेल.

पुण्यात त्यांनी काय काय केलं, ते बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं ऐकली, सार्वजनिक सभेच्या गणेश वासुदेव जोश्यांकडून स्वदेशीचा वसा घेतला. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढण्यात त्यांचा वाटा होता. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. तरुणांसाठी ऐक्यवर्धिनी सभा काढली. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा, तलवार शिकले. दुसरी पत्नी गोपिकाबाई, तिला लिहायला-वाचायला शिकवलंच, पण घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायलाही शिकवलं. त्या काळच्या पुण्यात हे धाडस बंडाच्या धाडसापेक्षा कमी नव्हतं.

मग 1876 चा दुष्काळ पडला. दोन वर्षं दख्खन होरपळली. सरकारने दुष्काळी कामं काढली, पण खर्च आवरायला सर रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी नेमला. राबणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा त्याचा हिशेब होता. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि काम खडी फोडायचं. कामावरच्या हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारली. याच टेंपलला 1877 मध्ये मुंबई इलाख्याचा गव्हर्नर करण्यात आलं. वासुदेव बळवंत या दुष्काळी मुलखातून हिंडले. गावंच्या गावं ओस पडलेली त्यांनी पाहिली. हिशेब खात्यातल्या माणसाला एक पौंडाचा हिशेब कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुण्यातल्या शिकलेल्या, सुखवस्तू माणसांकडे त्यांनी आधी मदत मागितली. कुणी आलं नाही. तेव्हा ते रामोश्यांकडे गेले.

इथे शिरढोणचा धागा पुन्हा हाती येतो. पांढरपेशा ब्राह्मण कारकून आणि डोंगरातले रामोशी यांची ही जोडी त्या काळच्या लोकांना विचित्र वाटली, आणि इतिहास लिहिणाऱ्यांनाही ती बऱ्याचदा केवळ सोयीची वाटते. मला तसं वाटत नाही. एक किल्लेदाराचा नातू आणि बाकीचे किल्ल्यांच्या राखणदारांचे नातू. 1818 ने ज्यांना एकाच दिवशी बेकार केलं, ती दोन्ही टोकं 1879 मध्ये पुन्हा एकत्र आली. किल्ला नव्हता, पण त्याचं मनुष्यबळ शिल्लक होतं. पुस्तकातून क्रांती शिकलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. सुळक्याखाली वाढलेल्या माणसाला सुचलं.

1879 च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ लोणीच्या परिसरात बंडाला तोंड लागलं. 23 फेब्रुवारीला शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिली मोठी धाड पडली. पैसा जमवायचा, त्यातून फौज उभी करायची, दळणवळण तोडायचं, असा बेत होता. सावकारांच्या वह्या आणि पेट्या हे लक्ष्य. रामोश्यांबरोबर कोळी, धनगरही आले. सरकारने त्यांच्या डोक्यावर इनाम लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नर टेंपलच्या डोक्यासाठी इनाम जाहीर केलं! विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी या बंडाची दखल घेतली. आणि मे महिन्यात दौलतराव नाईक कोकणात उतरले.

कोकणातच का उतरले? पळस्पे, चिखले ही गावं बंदराच्या वाटेवरची. तिथे व्यापाऱ्यांची, सावकारांची घरं असणं ओघाने आलंच. पण त्याच्या बरोबरीने हेही लक्षात घ्यायला हवं, की धाडीसाठी मुलखातली वाट न्‌ वाट ओळखीची असावी लागते. टोळीचा नायक देशावरचा रामोशी असला, तरी त्याच्या सरदाराला या परिसरातली पाऊलवाट न्‌ पाऊलवाट माहीत होती. दौलतराव पडले आणि बंडाचा उजवा हात गेला. याच काळात वासुदेव बळवंत दक्षिणेत श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे मनाच्या अगदी खचलेल्या अवस्थेत त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं, देवापुढे शिर अर्पण करण्यापर्यंत विचार गेला होता. ते हस्तलिखित पुढे सरकारच्या हाती लागलं, म्हणूनच ते टिकलं. 1957 मध्ये मुंबई राज्य सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा जो पहिला खंड काढला, त्यात त्याचं इंग्रजी भाषांतर छापलेलं आहे. शत्रूने जपून ठेवलेला तो मजकूर वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते: या माणसाला आपण हरतो आहोत हे कळत होतं, आणि तरी तो थांबत नव्हता.

श्रीशैलाहून उतरून त्यांनी रोहिल्यांची जमवाजमव सुरू केली. पण डॅनियल मागावर होताच. 20 जुलै 1879 च्या रात्री, सध्याच्या कर्नाटकातल्या विजापूर भागात, देवर नावडगी इथे, तापाने फणफणलेले वासुदेव बळवंत झोपेत पकडले गेले. पुण्यात संगम पुलाजवळच्या कचेरीत खटला चालला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, वकील म्हणून उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच महिन्यात बंगालच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने त्यांची मोठ्या मनाने स्तुती केली. पुण्याचे प्रतिष्ठित मात्र गप्प होते.

काळं पाणी म्हटलं की अंदमान डोळ्यांपुढे येतं. यांना अंदमानला नेलं नाही. 1880 च्या जानेवारीत ‘टेहरान’ नावाच्या आगबोटीने त्यांना एडनला पाठवलं. तांबड्या समुद्राच्या तोंडावरचं हे बंदर इंग्रजांनी 1839 मध्ये घेतलं होतं आणि त्याचा कारभार मुंबई सरकारच पाहत असे. म्हणजे पनवेलचा कैदी ज्या सरकारचा, अरबस्तानातला तो उजाड डोंगरही त्याच सरकारचा. तिथे त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि बेड्यांनिशी पळ काढला. लवकरच पुन्हा पकडले गेले. अनोळखी भाषा, अनोळखी वाळवंट. लपवणारं घर नव्हतं, वाट दाखवणारा रामोशी नव्हता. 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. वय अवघं सदतीस.

त्याच 1883 साली सरकारने जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या आणि पनवेल तालुका ठाण्यातून काढून कुलाब्याला जोडला. 1981 मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं. तेव्हा शिरढोण आता रायगड जिल्ह्यात आहे. ज्या रायगडावर प्रॉथरने आपली मोहीम संपवली, त्याच्या नावाच्या जिल्ह्यात किल्लेदार फडक्यांचं गाव आलं, हे मला योग्यच वाटतं.

आज शिरढोणला गेलं तर काय दिसतं? फडक्यांचा वाडा दिसतो. तो पडझडीला लागला होता, नंतर त्याची डागडुजी होऊन तो नव्याने उभा राहिला. वाडा म्हटल्यावर पुण्याचे शनिवारवाडे, विश्रामबागवाडे डोळ्यांपुढे आणले, तर निराशा होईल. हा कोकणातल्या बेताच्या ऐपतीच्या घराण्याचा वाडा आहे, पावसाळ्यात टिकाव धरण्यासाठी बांधलेला. तेच त्याचं महत्त्व. मोठ्या वाड्यात बंड सहसा जन्माला येत नाही. तिथे गमावण्यासारखं फार असतं. या घराकडे पाहिलं की कळतं, किल्लेदारी गेल्यावर उरलेली ऐपत किती आणि पीळ किती. गावात त्यांचं स्मारकही आहे. 4 नोव्हेंबरला जयंती आणि 17 फेब्रुवारीला पुण्यतिथी, या दोन तारखांना इथे लोक जमतात. बाहेर त्यांचं नाव पुष्कळ ठिकाणी लागलं आहे. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळचा चौक त्यांच्या नावाचा, पनवेलचं नाट्यगृह त्यांच्या नावाचं, पुण्यात संगम पुलाजवळ जिथे खटला चालला तिथे स्मारक, 1984 मध्ये निघालेलं टपाल तिकीट.

वाड्यानंतर कर्नाळा चढायलाच हवा. महामार्गालगत अभयारण्याचं प्रवेशद्वार आहे. 1968 मध्ये पक्ष्यांसाठी राखलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, सध्याचं क्षेत्र बारा चौरस किलोमीटरच्या थोडं वर. मुंबईपासून इतक्या जवळ एवढं दाट रान टिकलं, याचं श्रेय ज्यांनी ते राखलं त्यांना द्यावं तेवढं थोडं. सकाळी लवकर गेलं तर तांबट, हळद्या, कोतवाल, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. पायवाट रानातून वर चढते. वाटेत कर्नाई देवीचं ठाणं, मग तुटकी तटबंदी, दरवाजा, आणि शेवटी सुळक्याचा पाया.

इथे थोडं थांबावं. सुळक्याच्या बुडाशी कातळ खोदून टाकी आणि कोठारं केली आहेत. काही टाक्यांत उन्हाळ्याच्या तोंडालाही पाणी असतं, आत वाकून पाहिलं तर गार हवा तोंडावर येते. छिन्नीच्या खुणा कातळावर स्पष्ट दिसतात, तिरप्या, एकीला लागून एक. ज्यांनी या मारल्या त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत. वर सुळक्याच्या कपारींत मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात, म्हणून आरडाओरडा, धूर, अत्तर, सगळं वर्ज्य. माश्या उठल्या तर पळायला जागा नाही. याच टाक्यांच्या आसऱ्याने मूठभर शिबंदी घेऊन अनंतराव तोफांपुढे बसले होते. वरची सपाटी किती अरुंद आहे, हे एकदा पायांनी मोजून पाहा. तीन दिवस म्हणजे काय, ते तिथे कळतं. उत्तरेकडे तोंड केलं की खाली भातखाचरं, त्यांत शिरढोणची घरं, पलीकडे पळस्पे, पनवेल, आणि धुरकट क्षितिजावर मुंबई.

हे दृश्य झपाट्याने बदलतं आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं पनवेल ते इंदापूर हे 84 किलोमीटरचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. प्रवाशांचे हाल कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत. पनवेलची 2016 मध्ये महानगरपालिका झाली. उलव्याजवळ विमानतळ आला. जमिनीचे भाव चढले, खाचरं भराव टाकून सपाट होऊ लागली, डोंगर खडीसाठी पोखरले जाऊ लागले. गावाला रस्ता, नळ, रोजगार हवाच. गावाने जुनाट राहावं असं शहरातून आलेल्या पाहुण्याने सांगू नये. पण शिरढोणचा वाडा आणि कर्नाळ्याचा सुळका यांच्या मधली ती मोकळी नजर आहे, ती उंच इमारतींनी अडली तर या गावाच्या इतिहासाचं अर्धं वाक्य पुसलं जाईल. वाडा दुरुस्त करता येतो. नजर एकदा अडली की अडली.

आणखी एक मागणं आहे. वासुदेव बळवंतांचं नाव शिरढोणमध्ये आहे, असायलाच हवं. पण दौलतराव नाईकांचं नाव पळस्पे फाट्यावर ठळकपणे लागायला हवं. रोज लाखो माणसं तिथून जातात, वडापाव खायला थांबतात, गाडीत पेट्रोल भरतात. 1879 च्या मे महिन्यात इथे आलेली माणसं नुसती दरोडा घालून गेली नव्हती, एका मोडलेल्या व्यवस्थेचा हिशेब मागायला आली होती आणि त्यांचा पुढारी परतीच्या वाटेवर मारला गेला, एवढं दोन ओळींत लिहिता येईल. स्मारकावर एकाचं नाव आणि सरकारी कागदात दुसऱ्याचं नाव दरोडेखोर म्हणून, ही वाटणी इंग्रजांनी केलेली आहे. आपण ती चालवायचं काही कारण नाही.

कर्नाळ्याला पक्षी पाहायला, गड चढायला दर रविवारी गाड्याच्या गाड्या येतात. शाळांच्या सहलीही येतात. त्यांना एवढंच सांगणं, की किल्ल्याच्या अलीकडे शिरढोणला गाडी आत वळवा. आधी वाडा पाहा आणि मग गड चढा. मुलांना अंगणात उभं करून सुळका दाखवा, आणि किल्लेदाराची, त्याच्या नातवाची आणि रामोश्यांची गोष्ट तिथेच सांगा.